हात मोडला तो उन्हाळा

नोकरीतून सुटल्यापासून दर उन्हाळ्यात मी एकटी कुठंतरी जाते. पोस्टाच्या काउंटरमागं सगळं आयुष्य गेलं, नवरा गेला, मुलगा-सून नागपुरातच पण त्यांच्या त्यांच्या घरी सुखी. उन्हाळा लागला की मी पिशवी भरते आणि निघते. त्या वर्षी बेत असा होता की आधी संभाजीनगरच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला एक ध्यानशिबिर भरतं तिथं बसायचं, आणि मग वाळूजला धाकट्या बहिणीकडं जाऊन वाळवणाचे दिवस तिच्याबरोबर काढायचे. आमचं माहेर पिशोरचं. आई-वडील गेल्यावर तिथलं सगळं भावकीत वाटलं गेलं. त्या मुलखात माझं म्हणावं असं माणूस आता ती बहीणच.

बहीण फोनवर म्हणाली होती, "ताई, तोंड बंद ठेवायला एवढ्या लांब कशाला येतीस? माझ्याकडं ये, मी तुला बोलूच देत नाय."

शिबिरात पूर्ण मौन होतं. मोबाइल पहिल्याच संध्याकाळी जमा करून घेतले. कुणाशी बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. पहाटे उठायचं, मोठ्या पत्र्याच्या सभागृहात बायकांनी एका बाजूला आणि पुरुषांनी दुसऱ्या बाजूला बसायचं आणि डोळे मिटून श्वास बघायचा. दुपारी पत्रा असा तापायचा की पंखे नुसती आच ढवळत राहायचे. गुरुजी स्वतः तिथं नसायचे. त्यांचा आवाज ध्वनिफितीवरून यायचा, संथ आणि खर्जातला. जे घडतंय ते फक्त बघा, असं तो आवाज पुन्हा पुन्हा सांगायचा.

माझ्या खोलीत दोन खाटा होत्या. दुसऱ्या खाटेवर एक तिशीची बाई होती, अंगानं किरकोळ, केस मात्र कमरेपर्यंत. ती दिवसभर ध्यानात डुलक्या घ्यायची आणि खोलीत आली की मेल्यासारखी झोपायची. निजायच्या आधी दाराची कडी लावून ती ओढून बघायची, परत ओढून बघायची, आणि मगच पाठ टेकायची. मला वाटलं, एखादीला सवय असते.

एका दुपारी न्हाणीतून ती बाहेर आली तेव्हा मी खोलीत असेन असं तिला वाटलं नव्हतं. तिची पाठ माझ्याकडं होती. त्या पाठीवर उलथन्याच्या पात्याएवढे चौकोनी डाग होते, काही जुने पांढरे पडलेले, काही अजून तांबडे. एक तर इतका नवा होता की त्याला पाणी सुटलं होतं. तिनं वळून बघितलं, पदर ओढला आणि आमच्यातलं मौन तिनंच मोडलं.

"मावशी, कुणाला सांगू नका. इथून काढतील मला."

मी मान हलवली.

"मला ध्यान-बिन काय कळत नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "इथं दाराला आतून कडी हाय म्हणून आले. आमच्या घरातल्या समद्या कड्या त्यानं काढून टाकल्यात."

मग तिनं थोडक्यात सांगितलं. नवरा वाळूजच्या कंपन्यांचा माल टेम्पोनं वाहायचा. लग्नाला आठेक वर्षं झालेली, मूल नाही. माहेर लासूर स्टेशनला. "आई आजारी हाय, बघून येते," असं सांगून ती घरातून निघाली होती आणि आईला फोनवर खोटं बोलायला शिकवून ठेवलं होतं. या शिबिराचं तिला दवाखान्यातल्या एका नर्सनं सांगितलं होतं. त्यानंतर आम्ही एक शब्द बोललो नाही. पण रात्री कडी लावल्यावर मीसुद्धा ती ओढून बघायला लागले.

तिचा नवरा आला तेव्हा दुपारची बैठक चालू होती. शिबिराचा पत्ता त्याला कुणी दिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेर फाटकाशी कुणाचा तरी चढलेला आवाज ऐकू आला, मग थांबला. आम्ही सगळ्या डोळे मिटून बसलेल्या. मग सभागृहात बुटांचा आवाज आला. तिथं चपलाही कुणी आत आणत नसे, म्हणून तो आवाज कानात खुपला. मी डोळे किलकिले केले. शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक धिप्पाड माणूस बायकांच्या रांगांमधून एकेकीचं तोंड बघत चालला होता, भाजीच्या ढिगाऱ्यात काही शोधावं तसा. माझ्या पुढच्या रांगेत तो थांबला. काही न बोलता त्यानं तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि ओढली.

ती ओरडली नाही. तिच्या टाचा सतरंजीवर घासल्याचा आवाज आला, एक उशी घरंगळली, आणि ती पाठीवर ओढली जाऊ लागली. दोन्ही हातांनी तिनं आपलीच वेणी मुळाशी धरून ठेवली होती, केस उपटले जाऊ नयेत म्हणून. कित्येक जणींनी डोळे उघडले. मी बघितलं, त्यातल्या काहींनी ते परत मिटले. पुरुषांच्या बाजूला एकजण अर्धा उठला आणि परत बसला. ध्वनिफीत चालूच होती. संवेदना येईल, जाईल, तिच्यात गुंतू नका, असं गुरुजी सांगत होते.

दाराच्या उंबऱ्यावर तिचं डोकं आपटलं आणि तेव्हा ती ओरडली.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. माझे गुडघे असे की सतरंजीवरून उठायला मला रोज भिंत धरावी लागायची. पण मी दारात पोचले होते आणि त्याच्या शर्टाला मागून लोंबकळले होते.

"सोड तिला," मी म्हटलं.

"ए म्हातारे, घरचा मामला हाय. बाजूला व्हय."

त्यानं हाताच्या उलट्या बाजूनं मला लोटलं. मी त्याचा तो हात धरला आणि मनगटाला चावले. खोटं नाही सांगत, माझे पुढचे दात अजून माझे आहेत. रक्ताची खारट चव तोंडात आली तरी मी सोडलं नाही. त्यानं हात झटकला, मी पायऱ्यांवरून खाली फरशीवर पडले, उजवा हात अंगाखाली आला आणि वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज मला आतून ऐकू आला. मग त्यानं बुटानं लाथ मारली. ती बरगडीत बसली. दुसरी मारायला त्यानं पाय उचललेला मी बघितला.

ती लाथ आली नाही. बाहेर बैठकीची वेळ सांगायला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा आणि तो वाजवायला लोखंडी दांडा. ती बाई मोकळी झाली होती आणि तिनं तो दांडा घेतला होता. तिनं त्याच्या गुडघ्यावर घातला. तो मटकन बसला. तिनं दुसरा घातला, खांद्यावर. तिसरा त्यानं हातावर झेलला आणि तेव्हा मी त्याला पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. स्वयंपाकघरातली दोन माणसं पळत आली आणि त्याला धरून फाटकाकडं घेऊन गेली. तो लंगडत, शिव्या देत, मागं बघत गेला. तिच्या हातातला दांडा काही केल्या सुटेना. मुठी आवळलेल्याच राहिल्या. तिच्या कानामागून रक्त येत होतं आणि केसांचा एक झुबका मुळापासून निघून फरशीवर पडला होता.

व्यवस्थापक हात जोडून आले. चांगले गृहस्थ होते, घाबरले होते. ते कुजबुजत म्हणाले, "कृपा करून आवाज करू नका. आत साधक बसलेत."

मी म्हटलं, "रिक्षा बोलवा."

रिक्षावाला जवळच्याच गावातला होता, दाढी पांढरी झालेला, माझ्याच वयाचा. त्यानं माझा हात बघितला आणि गळ्यातला गमछा सोडून माझ्या मानेत झोळी बांधून दिली. "अम्मा, हिलाओ नक्को, हड्डी बाहर आती," म्हणाला. मग तिच्याकडं बघितलं, काहीच विचारलं नाही, रिक्षा सुरू केली. मुख्य रस्त्याला लागल्यावर मात्र त्यानं वेग कमी केला.

"दवाखाना पहले, के चौकी पहले? दोनों दो तरफ हैं."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझा हात तोवर दंडापर्यंत सुजला होता आणि प्रत्येक खड्ड्याला मला ओकारी येत होती.

"चौकी," ती म्हणाली. "आता गेले नाय तर परत जायची नाय मी."

मी म्हटलं, "चौकी."

चौकीत हवालदार वाईट माणूस नव्हता, कंटाळलेला होता. तिनं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, घरातलं हाय, बसून मिटवा. उगंच संसार मोडंल." ती पाठ दाखवायला वळणार एवढ्यात मी माझा हात उचलून त्याच्या टेबलावर ठेवला. तो तोवर हात राहिला नव्हता, निळं काहीतरी झालं होतं. मी म्हटलं, "हे तरी घरातलं नाही ना? मी त्याची कुणी लागत नाही." त्यानं हाताकडं बघितलं, खुर्ची पुढं ओढली आणि लिहायला घेतलं. रिक्षावाला दारात उभा होता. त्यानं साक्षीला आपलंही नाव दिलं.

तिचे वडील तिला लासूरला घेऊन गेले. मी प्लास्टर घालून बहिणीच्या घरी वाळूजला आले.

बहीण माझ्याहून पुष्कळ लहान. तिचा नवरा लवकर गेला, तिनं शिवणकाम करून मुलाला वाढवलं आणि तो मुलगा, माझा भाचा, आता तिथल्याच एका कारखान्यात प्रेसवर, पत्रा दाबायच्या यंत्रावर, काम करतो. शांत मुलगा. लहानपणी कुणी रागावलं की खाली बघत उभा राहायचा. त्याचं दोन वर्षांपूर्वीच लग्न झालं होतं. सून हसरी, मला "मोठ्या आई" म्हणायची, पहिल्या दिवसापासून मला न्हाऊ-माखू घालायची. बहीण मात्र माझ्या प्लास्टरकडं बघून रोज चिडायची. "कोण कुठली बाई, तिच्यासाठी हात मोडून घेतला. श्वास बघायला गेली होतीस ना तू?"

त्या बाईच्या नवऱ्याला पोलिसांनी बोलावून नोटीस दिली आणि सोडून दिलं, असं कळलं. त्या दिवसापासून गल्लीत बुटांचा आवाज आला की मी उठून दाराची कडी ओढून बघत असे.

तक्रारीत मी बहिणीचा पत्ता दिला होता. तो एका संध्याकाळी आला, ऊन उतरताना. बहीण आणि सून गच्चीवर कुरडया गोळा करत होत्या. मी खाली ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तो पायी आला, जरा लंगडत. दारू प्यालेला नव्हता. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "मावशी, झालं गेलं इसरा. ती कुठं हाय तेवढं सांगा."

"तुला ठाऊक असेल."

"लासूरला जाऊन आलो. तिथं म्हणतात नाय. तुम्ही लपवलीय."

"मी कशाला लपवू?"

तो हसला आणि त्यानं माझं प्लास्टरचं मनगट हातात घेतलं, नाडी बघावी तसं. मग पिळलं. हळूहळू पिळलं, माझ्या तोंडाकडं बघत. मी ओरडल्याचं मला आठवतं, पण आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

त्याच वेळी भाचा ड्युटीवरून आला. त्यानं मोटरसायकल लावली नाही, तशीच आडवी सोडून दिली. हेल्मेट हातात होतं. पहिला घाव त्यानं मागून डोक्यात घातला. तो माणूस ओट्यावरून गल्लीत कोसळला. उठायचा प्रयत्न केला तेव्हा भाच्यानं समोरून तोंडावर घातला आणि मला दात पडलेले दिसले. मला त्या क्षणी बरं वाटलं. ते लपवण्यात काही अर्थ नाही. माझ्या हातातली कळ त्या आवाजानं कमी झाल्यासारखी वाटली.

मग त्या माणसानं उठायचा प्रयत्न सोडला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि अंगाचं मुटकुळं केलं. भाचा त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि मारतच राहिला. एका लयीत, प्रेस खाली यावा तसं, वर, खाली, वर, खाली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तेच बघून मी घाबरले. गल्लीतले लोक जमले होते, काहीजण मोबाइल धरून होते. बहीण गच्चीवरून खाली आली होती. मी पुढं जायला निघाले तर तिनं मला मागून कमरेला धरलं.

"मारू दे ताई. मारू दे त्याला."

"मरंल तो," मी म्हटलं.

"मरू दे."

मी तिच्या मिठीतून सुटले ती प्लास्टरचा हात तिच्या बरगडीत मारून. भाच्याच्या अंगावर जाऊन पडले. हेल्मेटचा एक फटका माझ्या खांद्याला बसला, मग तो थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं पण ओळख पटायला त्याला जरा वेळ लागला. खाली तो माणूस घशातून गुळण्या कराव्यात तसा आवाज काढत होता. त्याचा एक डोळा दिसतच नव्हता.

त्या संध्याकाळी पोलीस भाच्याला घेऊन गेले. सुनेनं माझ्यासाठी भात कालवला आणि भरवता भरवता मध्येच थांबली.

"मोठ्या आई, ते असं कधीच वागले नाय. मला त्यांची भीती वाटायलीय. तुम्ही आईंना सांगू नका."

मी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला.

भाचा जामिनावर सुटून आला. कंपनीनं त्याला घरी बसवलं. त्या माणसाचा जबडा मोडला होता, डोळा राहतो की जातो ते डॉक्टर सांगत नव्हते, आणि गल्लीतल्यांनी काढलेली चित्रफीत पोलिसांकडं होती. तीत भाच्याचा पहिला घाव नव्हता, माझं पिळलेलं मनगट नव्हतं. मुटकुळं करून पडलेला माणूस आणि त्याच्यावर बसलेला भाचा एवढंच होतं.

मग एके दिवशी त्या माणसाचा थोरला भाऊ आला. पांढरे कपडे, गोड बोलणं. बहिणीनं त्याला चहा दिला. तो म्हणाला, "पोरापोरांचं झालं ते झालं. आम्ही आमचं मागं घेतो. तुम्ही तुमचं मागं घ्या, आन त्या बाईलाबी घ्यायला लावा. तिला आमी नांदवतो नीट. भाऊ सुधरलाय." तो गेल्यावर बहीण माझ्या पायाशी येऊन बसली. तिला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"ताई, तू लासूरला जा. ती तुझं ऐकंल. माझं एकच लेकरू हाय."

मी गेले. सुनेनं मला बसमध्ये बसवून दिलं. लासूर स्टेशनला उतरले तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तिचं माहेर बाजाराच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं. वडील बाजार समितीत हमाली करायचे, ते कामावर होते. आई मोठ्या भगोण्यात चीक हाटत होती. नवरा शोधायला आला होता तेव्हा त्यांनी हिला धान्याच्या पोत्यांमागं बसवलं होतं, हे आईनंच सांगितलं. तिनं केस कापून टाकले होते, मानेच्या वर. कानामागं टाके दिसत होते.

तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"मागं घे म्हणायला आलात ना?"

"व्हय," मी म्हटलं. त्या मुलखात गेले की माझ्याही तोंडात ते येतं. "बहिणीनं पाठवलंय. भाच्याला शिक्षा होईल म्हणतात."

आईचं चीक हाटणं थांबलं.

"तुमचं मन काय म्हणतंय, मावशी?"

"माझ्या हाताचं मी सोडून द्यायला तयार आहे," मी म्हटलं. वाटेत बसमध्ये मी तेवढं ठरवलं होतं. "तुझं तू बघ. तुला मी काही सांगणार नाही."

"तुमच्या हाताचं सोडलं तर माझं काय राहतं?" ती म्हणाली. "माझं समदं घरातलं हाय. पाठीवरचे डाग मी सोताच करून घेतले म्हणतोय तो. सोयपाक करताना भाजलं म्हणतोय. बाहेरचं, चार लोकांनी बघितलेलं, असा तेवढा तुमचा हातच हाय."

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. तिला मूल का नाही, ती गोष्ट. पाचवा महिना होता आणि भाजीत मीठ कमी पडलं होतं. ती सगळी इथं लिहिणार नाही. ती सांगताना तिच्या आईनं उठून चूल विझवली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, म्हणजे तिनंही ती पहिल्यांदाच ऐकली असावी.

मी पाणी पिऊन उठले. दारात म्हटलं, "मी मागं घेत नाही. तूही घेऊ नकोस."

मी काय करून आले ते परतीच्या वाटेवर मला चांगलं कळत होतं. भाच्याला मी मांडीवर खेळवला आहे. त्याच्या पहिल्या पगाराची साडी माझ्या कपाटात आहे. पण मी कितीही उलटसुलट विचार केला तरी त्या दोन खोल्यांत परत जाऊन दुसरं काही बोलणं मला जमलं नसतं.

बहीण दारातच उभी होती. मी खरं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या थोबाडीत मारली. धाकट्या बहिणीनं, सदुसष्ट वर्षांच्या बाईला. माझा चष्मा उडून ओट्यावर पडला. ती दुसऱ्यांदा हात उचलत होती, तेवढ्यात आतून भाचा आला आणि त्यानं तिचा हात वरच्या वर धरला. जोरात नाही, नुसता धरून ठेवला.

"आई, बास," तो म्हणाला. "मावशीनं काय केलं नाय. मी केलंय."

"तू तिच्यासाठी केलंस."

"पहिले दोन तिच्यासाठी मारले. बाकीचे माझे मी मारले. त्यानं हात डोक्यावर घेतले होते, मला दिसत होतं." त्यानं खाली बघितलं, लहानपणी बघायचा तसं. "मला बरं वाटायलं होतं, आई. थांबूच वाटंना. त्या बाईला मागं घ्यायला लावून मी सुटलो तर मग त्याच्यात आन माझ्यात काय फरक राहिला? काय व्हायचं ते होऊ दे. मी कोर्टात खरं सांगंन."

बहीण ओट्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. सुनेनं माझा चष्मा उचलला, आपल्या पदरानं पुसला आणि मला घालून दिला. मग ती जाऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली.

मी दोन दिवसांत नागपूरला निघाले. बहीण बाहेर आली नाही.

पुढच्या वर्षी थंडीत मला साक्षीला बोलावणं आलं. मी गेले आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरले. कोर्टात तो माणूस समोर बसला होता. एका डोळ्यावर काळी पट्टी, जबडा एका बाजूला उतरलेला. त्याच्याकडं बघताना मला कीवही आली आणि त्याचा बाकावर टेकलेला हात दिसताच मी माझं मनगट पदराखालीही घेतलं. त्याच्या वकिलांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही तर डोळे मिटून ध्यान करत होता. मग तुम्हाला हे सगळं दिसलं कसं?"

मी म्हटलं, "बुटांचा आवाज आला म्हणून डोळे उघडले, साहेब. नंतर मिटता आले नाहीत."

ती बाई मागच्या बाकावर बसली होती. लासूरच्या एका डाळमिलमध्ये ती आता डाळ निवडायच्या कामाला जाते. त्या रिक्षावाल्याचीही साक्ष झाली. तो चुरगळलेला पण धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता आणि जे बघितलं ते दोन वाक्यांत सांगून निघून गेला. निकाल अजून लागलेला नाही. भाच्याची केस वेगळी चालू आहे. त्यानं सगळं कबूल केलं आहे आणि वकील म्हणतात शिक्षा होईल, किती ते सांगता येत नाही. कंपनीनं त्याला परत घेतलं नाही. तो एका गॅरेजात काम करतो.

कोर्टाच्या बाहेर भाचा मोटरसायकल घेऊन उभा होता. "लॉजवर कशाला राहता मावशी, चला घरी," म्हणाला. मी मागं बसले.

घरी बहिणीनं माझ्याकडं बघितलं नाही. ताट वाढलं, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत, मला आवडतं तसं जास्त तिखट. समोर बसली नाही, स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी भांडी लावत राहिली. मी जेवायला सुरुवात केली. सून माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. बाळ दोन महिन्यांचं होतं, मुलगी. भाचा दारात उभा राहून तिच्याकडं बघत होता, पण त्यानं हात पुढं केला नाही. सून म्हणाली, "घ्या की. पडत नाय ती." तो म्हणाला, "हात धुऊन येतो," आणि न्हाणीत गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.